उंबरठ्यावरची साखर

दिवाळीच्या सुमारास वरूडात दोन गोष्टींची एकदमच रेलचेल होते. बागांत आंबिया बहाराची संत्री रंगावर येतात आणि घरात फराळाचे डबे भरतात. नागपूर, पुणे, मुंबईकडे नोकरीनिमित्त गेलेली मंडळी सणाला परततात, ओसरीवर गप्पा रंगतात आणि अलीकडे त्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो : ‘तुझी साखर किती?’ एखादे काका मोठ्या समाधानाने सांगतात, ‘माही त अजून बॉर्डरवरच हाये!’ आणि निर्धास्तपणे दुसरा अनारसा उचलतात.

ही ‘बॉर्डर’ म्हणजे काय? पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घेतल्यावर दोन तासांनी रक्तातली साखर १४० च्या खाली यायला हवी. ती २०० किंवा त्याहून वर राहिली तर मधुमेह. या दोहोंच्या मधे असेल तर माणूस मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा आहे असे समजावे. अशा माणसाला तिथेच थोपवून धरता येईल काय, याचा एक मोठा शोध चीनमध्ये घेतला गेला.

चीन आणि डॉक्टर हे शब्द एकत्र आले की मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ साली तिकडे गेलेल्या वैद्यकीय पथकात ते होते आणि १९४२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते. इकडून सेवा गेली. तिकडून आलेले ज्ञानही आपण तेवढ्याच आपुलकीने घ्यावे.

ईशान्य चीनमध्ये दाचिंग नावाचे तेलविहिरींचे शहर आहे. १९८६ साली तिथल्या ३३ दवाखान्यांतून एक लाख दहा हजारांवर लोकांची तपासणी झाली आणि उंबरठ्यावरची ५७७ माणसे अभ्यासासाठी निवडली गेली. दवाखान्यांचे चार गट पाडले. एका गटाला नेहमीचाच सल्ला, दुसऱ्याला आहाराचे पथ्य, तिसऱ्याला व्यायाम आणि चौथ्याला दोन्ही. गोळी कुणालाच नाही. पथ्यही उपासाचे नव्हते. भाज्या जास्त, साखर आणि दारू कमी, आणि वजन जास्त असेल त्याने ते महिन्याला अर्धा ते एक किलो, असे सावकाश उतरवायचे. व्यायामाचे माप तर गृहिणींना आवडेल असे होते. अर्धा तास रमतगमत चालणे, बाजारहाट किंवा घराची साफसफाई म्हणजे एक माप. भरभर चाललात तर तेच वीस मिनिटांत पुरे, आणि दोरीवरच्या उड्या मारल्या तर पाचच मिनिटांत! रोजच्या हालचालीत असे निदान एक माप वाढवायचे. दिवाळीची झाडलोट करणाऱ्या बाईने ते केव्हाच पुरे केलेले असते. प्रश्न आहे तो ओसरीवर बसलेल्यांचा.

सहा वर्षांनी हिशेब केला. नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी शेकडा ६८ जणांना मधुमेह झाला होता. बाकीच्या गटांत हे प्रमाण ४१ ते ४६ होते. प्रयोग १९९२ साली संपला, पण संशोधकांनी माणसांचा माग सोडला नाही. तीस वर्षांचा हिशेब २०१९ साली प्रसिद्ध झाला. पथ्य-व्यायाम केलेल्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षे लांबला होता, हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण सुमारे चौथाईने घटले होते, आणि आयुष्य जवळजवळ दीड वर्षाने वाढले होते.

‘म्हणजे शेवटी मधुमेह होतोच ना?’ असे कुणी विचारील. पुष्कळांना झालाच. परंतु रोग चार वर्षे उशिरा येणे म्हणजे डोळे, मूत्रपिंडे आणि हृदय यांना मिळालेली चार वर्षांची सवलत. वरूडच्या बागाईतदाराला हे समजावून सांगावे लागू नये. आंबिया बहारासाठी तो डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून बाग ताणावर सोडतो. संत्री हाती येतात ती दिवाळीच्या सुमारास. वेळेवर दिलेला ताण मागाहून फळतो. वेळ टळल्यावर दिलेला ताण नुसता झाड सुकवतो.

‘पण मी तर काटकुळा!’ म्हणून कुणी निश्चिंत राहू नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळे वजनाने हलकी, पण त्यांच्या अंगात चरबीचा वाटा मात्र जास्त, असे त्यांना आढळले. आपल्या देहाची ठेवणच अशी की सदरा ढगळ होतो, पण पोटात चरबी असते. चेन्नईतही ५३१ माणसांवर असाच प्रयोग झाला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत, तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा ५५ वरून ३९ वर आलेले दिसले. तेव्हा जे दाचिंगला साधले ते आपल्या मातीतही साधते.

म्हणून या दिवाळीत फराळाला नाही म्हणू नका. एक अनारसा चवीने खा, दुसरा डब्यात राहू द्या. संत्र्याचा रस काढून पेला भरण्यापेक्षा संत्रे सोलून फोडी खा. जेवण झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी मिळून बागेपर्यंत फेरी मारून या. वाटेवर सातपुडाही दिसेल. आणि चाळिशी उलटलेल्या वडीलधाऱ्यांना एवढेच सांगा की ‘बॉर्डरवर’ असणे म्हणजे सुटका नव्हे. अजून वेळ हातात आहे, एवढाच त्याचा अर्थ.