चहाचे मळे बघून आलो, आता हळदीचं बोलू



कापसाची वेचणी उरकली होती, तूर काढायला आठ-दहा दिवस होते, हळदीला पाणी देऊन झालं होतं. तेवढी सवड साधून संक्रांतीच्या आधी आम्ही नवरा-बायको आणि धाकटा भाऊ-भावजय असे चौघं केरळात मुन्नारला जाऊन आलो. नांदेडहून सिकंदराबाद, तिथून शबरी एक्स्प्रेसनं आलुवा, पुढं बसनं चार-पाच तास नुसता घाट. गावात परत आल्यावर ज्यानं-त्यानं एकच म्हणलं, "फोटो दाखवा की." दाखवले. फोटोत सगळं हिरवंगार आहे. पण फोटोत न आलेलं बरंच बघितलं, आणि सध्या आपल्या चुडाव्यात जे चाललंय त्याच्याशी त्याचा संबंध लागतो, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, सवडीनं वाचा.

चाललंय काय ते आधी सांगतो. नांदेड रस्त्याच्या कडंच्या आमच्या एका शेजाऱ्याकडं दोन महिन्यांपासून बाहेरची एक पार्टी चकरा मारतीय. चार एकर, अकरा वर्षांच्या करारानं भाड्यानं पाहिजे. कृषी पर्यटन करायचंय म्हणे. झोपड्या, बैलगाडी, हुरडा, चुलीवरची भाकरी. शेतकऱ्याला वर्षाला ठरलेली रक्कम, वर घरातल्या दोघांना तिथंच काम. शेजारी मला म्हणाला, "दादा, चहाच्या मळ्यात लोक पैसे देऊन फिरतात, तुम्ही तर डोळ्यानं बघून आलात. मग आपल्याकडं का नाही चालायचं?"

चालेल. न चालायला काही झालं नाही. पैसे कोणाच्या खिशात जाणार, एवढंच बघायचंय.

पण आधी पिकाचं सांगतो, कारण या पेजवर निम्मे लोक त्यासाठीच येतात. चहा हे मुळात झाड आहे. मोकळं सोडलं तर दोन मजली घराच्या वर जाईल. छाटून-छाटून ते कंबरेएवढं ठेवतात आणि दर चार-पाच वर्षांनी खोल छाटणी घेतात, म्हणजे फुटवा हाताच्या उंचीला येत राहतो. लोक ज्याला हिरवा गालिचा म्हणून फोटो काढतात ती तोडणीची सोय आहे. दोन पानं आणि एक कळी खुडायची, आठवड्या-दोन आठवड्यांनी त्याच झाडावर परत फेरी. मधून-मधून सिल्व्हर ओकची उंच झाडं, सावलीला. जमीन आम्ल लागते, सामू साडेचार ते साडेपाच. आपली काळी आठच्या आसपास, आणि खाली चुनखडी. मुन्नार पंधराशे मीटरच्या वर, आपल्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढं. तेव्हा उद्या कोणी चहाची रोपं घेऊन दारात आलं तर चहा पाजून वाटंला लावा. हसू नका, सफरचंदाची रोपं घेतलेली माणसं आपल्याच भागात आहेत. महाराष्ट्रात असं काही बघायचंच असेल तर चिखलदऱ्याला जा, तिथं कॉफी आहे.

मग कारखाना. मुन्नारजवळ नल्लतण्णीला चहाचं संग्रहालय आहे, तिथं पान येतं ते पत्ती होऊन बाहेर पडतं इथवर सगळं दाखवतात. ओलं पान जाळीवर पसरून रात्रभर कोमेजवतात, खालून पंख्याची हवा. मग सीटीसीच्या दातेरी रुळांमधून चिरडून काढतात, हवेत ठेवून काळपट होऊ देतात, आणि गरम हवेनं वाळवतात. चार-साडेचार किलो ओल्या पानाचा एक किलो चहा पडतो. हे ऐकल्याबरोबर भाऊ म्हणाला, "दादा, हे तर आपल्या हळदीसारखंच की." खरंच तसंच आहे. आपली पाच क्विंटल ओली हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून एक क्विंटलच्या आसपास येते.

पण एक फरक आहे आणि माझं सगळं बोलणं त्या फरकावर उभं आहे. चहाचं पान थांबत नाही. खुडल्यावर त्याच दिवशी कारखान्यात पोचलं पाहिजे, नाहीतर पोत्यातच गरम होऊन लाल पडतं. भारतातला निम्म्याहून जास्त चहा आता छोट्या उत्पादकांच्या रानातून येतो. त्यातल्या बहुतेकांकडं कारखाना नाही. ते ओलं पान विकतात आणि संध्याकाळच्या आत विकतात. रस्त्याच्या कडंला असा एक जण पानाची पोती रचून गाडीची वाट बघत बसला होता. आमच्या जीपवाल्याच्या मोडक्या हिंदीतून विचारलं, आज काय भाव? तो म्हणाला, "महिना संपल्यावर कळंल." मला आपला ऊस आठवला. तोडलेला ऊसही थांबत नाही, म्हणून तर तोडीची चिठ्ठी येईपर्यंत आपला जीव टांगणीला असतो. तरी उसाला एफआरपी आहे, १०.२५ टक्के उताऱ्याला २०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ रुपये. चहाच्या पानाला अशी हमी नाही. चहा मंडळाचं विक्रीच्या पैशातून उत्पादकाला ६५ आणि कारखान्याला ३५ असं वाटपाचं सूत्र आहे, आपल्या उसाच्या ७०:३० सारखं. पण त्यात हिशोब विक्री झाल्यावर होतो आणि विक्री दुसऱ्याच्या हातात असते. शेजारच्या निलगिरीत २०२३ साली याच भावासाठी छोट्या उत्पादकांनी साखळी उपोषण केलं. ऊटीला जाऊन आलेल्या आपल्या किती लोकांच्या हे कानावर आलं असेल?

आता तोडणाऱ्या बाया. आमच्या घरच्यांनी एवढ्या प्रवासात सगळ्यात जास्त काय बघितलं असेल तर त्यांचे हात. मुन्नारला बऱ्याच ठिकाणी हातानं खुडत नाहीत, कातर असते, तिला डबा जोडलेला. कातर चालते, पान डब्यात, डबा भरला की पाठीवरच्या पोत्यात. उतार असा की आपण नुसते उभे राहिलो तर पाय लटपटतात. घरचे एकीशी खुणेनं बोलले. दोघींना एकमेकीचं अक्षर कळत नव्हतं, पण वजनाचं आणि पैशाचं बरोबर कळलं. दिवसाला ठरलेले किलो तोडायचेच, वर तोडलं तर किलोमागं जास्तीचे. घरचे मला म्हणाले, "अहो, हे आपल्या कापूस वेचणीसारखंच आहे. फक्त हितं लोक फोटो काढतात."

फोटो काढून घ्यायचे पैसे काही त्यांना मिळत नाहीत.

मुन्नारचा चहा १८८० च्या सुमाराचा, इंग्रजांच्या काळातला. कामाला तमिळ मजूर डोंगरावर आणले, आजही बहुतेक त्यांच्याच पिढ्या आहेत, कंपनीच्या चाळींत राहणाऱ्या. २००५ पासून तिथली मोठी कंपनी कामगारांच्याही भागभांडवलावर चालते. ऐकायला किती छान वाटतं. तरीपण सप्टेंबर २०१५ मध्ये त्याच हजारो बाया कोणत्याही युनियनच्या झेंड्याशिवाय मुन्नारच्या रस्त्यावर बसल्या. दिवसाची मजुरी २३२ रुपये होती, त्यांनी ५०० मागितली, आणि २० टक्के बोनस. 'पोंबिळै ओरुमै' म्हणजे बायांची एकजूट, असं नाव त्या आंदोलनाला पडलं. बोनसचं जमलं, मजुरी पुढं ३०१ झाली. भागधारक असून रस्त्यावर बसायची पाळी कशी आली, हे साखर कारखान्याच्या सभासदाला मी वेगळं सांगायला नको.

आणि ६ ऑगस्ट २०२० ची रात्र. राजमलैजवळ पेट्टिमुडीला दरड कोसळली, मजुरांच्या चाळी गाडल्या गेल्या, ७० माणसं गेली. नीलगिरी ताहर बघायला पर्यटक त्याच राजमलैला जातात. आम्हीही गेलो. ताहर दिसले, छान दिसले. परत येताना जीपमध्ये कोणी बोलत नव्हतं.

हे सगळं लिहिल्यावर तुम्ही म्हणाल, मग जाऊ नका असं सांगताय का? उलट सांगतोय. जा. शेतकऱ्यानं तर जरूर जावं. आपण गावातून निघतो ते एक तर तीर्थाला नाहीतर दवाखान्याला. दुसऱ्याचं पीक बघायला म्हणून जाणं होत नाही. जाल तेव्हा संग्रहालय बघा, कोलुक्कुमलैला पहाटे जीपनं चढा. सात हजार फुटांच्या वर मळा आहे आणि वर जुन्या पद्धतीचा कारखाना, अजून लाकडी यंत्रांवर चालतो. फक्त सूर्य उगवला की लगेच खाली उतरू नका. वजन करतात तिथं जाऊन अर्धा तास उभं राहा. आमच्या जीपवाल्याची आई तोडणीला जाते. तो म्हणाला, आई महिनाभर जे कमावते ते सीझनला मी आठवड्यात कमावतो. एकाच घरातली दोघं, एकाच डोंगरावर. डोंगर हिरवा ठेवणारी आई, आणि तो दाखवून चार पैसे बघणारा मुलगा. तो तरी घरचाच आहे. हॉटेलवाले, बुकिंगवाले घरचे नाहीत.

तर आता त्या चार एकराचं.

महाराष्ट्रात कृषी पर्यटन नवं नाही. बारामतीजवळ माळेगावला पांडुरंग तावरे यांनी २००५ मध्ये सुरुवात केली. २०२० मध्ये राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी होते, आणि ती शेतकऱ्याला स्वतःच्या नावावर करता येते. हे त्या पार्टीनं शेजाऱ्याला सांगितलेलं नव्हतं. झोपड्या बांधायला त्यांचा पैसा, हे मान्य. पण लोक येणार ते झोपडी बघायला नाही. हुरडा भाजायला येणार, हळद कशी शिजते ते बघायला येणार. हे दोन्ही आपलं आहे. हुरड्याचं म्हणाल तर परभणीच्या आपल्या विद्यापीठानं खास हुरड्यासाठी 'परभणी वसंत' हे ज्वारीचं वाण दिलंय. पेरायला अर्धा एकर पुरतो.

हळदीचं तर मला कायम नवल वाटतं. हिंगोली-नांदेड-परभणीचा हा पट्टा एवढा मोठा, वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती शिजताना बघायला कोणी येत नाही. फेब्रुवारी-मार्चला पाला कापून काढणी होते, गड्डे आणि हळकुंडं वेगळी होतात, कुकरमधून वाफ निघते, तो वास पार स्टेशनपर्यंत येतो. पंधरा दिवस उन्हात पिवळं अंगण. मुन्नारच्या कारखान्यात आम्ही तिकीट काढून यापेक्षा कमी बघितलं.

बरं, बघायला कोण येणार? पुण्या-मुंबईच्या लोकांची वाट बघत बसायचं कामच नाही. नांदेडला हजूर साहिबला पंजाबातून वर्षभर भाविक येतात. दसऱ्याला आणि होला मोहल्ल्याला तर तुफान गर्दी. होला मोहल्ला येतो मार्चच्या आसपास, ऐन हळद शिजवणीत. त्यातले कितीतरी जण स्वतः शेतकरी. गव्हा-तांदळाच्या माणसाला हळदीचं शेत दाखवा, तो तासभर हलणार नाही, जाताना पाच किलो घेऊनही जाईल. अमृतसरची सचखंड एक्स्प्रेस आपल्या चुडाव्याच्या स्टेशनावरून धडधडत जाते, न थांबता. त्यातल्या माणसांना उतरल्यावर तासाभराच्या अंतरावर काय आहे ते कोणी सांगितलेलंच नाही.

मी हे सगळं गुलाबी करून सांगत नाही. यात कटकट आहे. संडास-बाथरूम स्वच्छ पाहिजे, पाहुण्याशी गोड बोलावं लागतं, आणि घरातल्या बायांच्या डोक्यावर आणखी स्वयंपाक पडतो. त्यांना विचारल्याशिवाय घरच्या गड्यानं हो म्हणू नये. त्यांच्या कामाचे पैसे वेगळे काढून त्यांच्या हातात दिले पाहिजेत, नाहीतर आपल्यात आणि त्या मळ्यात फरक काय राहिला? आणि पर्यटनाच्या पैशावर हळदीच्या पडलेल्या भावाचा खड्डा बुजत नाही. त्यासाठी आपल्याकडं जी गोष्ट आहे ती चहावाल्याकडं नाही. वाळलेली हळद थांबते. भाव नसला की बाजार समितीत शेतमाल तारण ठेवा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याजानं, सहा महिन्यांसाठी. त्या रस्त्याच्या कडंला बसलेल्या माणसाला मी हे सांगितलं तेव्हा त्यानं दोनदा विचारून घेतलं की पीक ठेवून पैसे खरंच मिळतात का.

शेजाऱ्याला मी परवा एवढंच म्हणलं, अकरा वर्षांचा करार करू नको. द्यायचीच असेल तर अर्धा एकर दे, एका हंगामासाठी, आणि रकमेऐवजी येणाऱ्या माणसामागं हिस्सा माग. नोंदणी तुझ्या नावावर राहू दे. त्यावर पार्टी तयार होती का हे त्यालाच विचारायला सांगितलं. तो विचारून आला. पार्टीनं सांगितलंय की कळवतो.

आमची हळद यंदा साधारण २० फेब्रुवारीच्या पुढं शिजायला लागेल. दोन कुकर आहेत, एक भाड्याचा. ज्यांना यायचंय त्यांनी इथंच मेसेज करा, चुडाव्याच्या स्टेशनवर घ्यायला येईन. तिकीट नाही. चहा मिळेल, मुन्नारहून दोन किलो आणलाय.