खासगी रोजकीर्द

कचेरीतील माझ्या नोकरीची अखेरची अकरा वर्षे रोजकीर्द लिहिण्यात गेली. सकाळी आरंभीची शिल्लक मांडावी, दिवसभरातील जमाखर्चाच्या रकमा पावतीनिशी उतरवाव्यात आणि दप्तर बांधण्यापूर्वी अखेरची शिल्लक काढून तिच्याखाली सही करावी, हा शिरस्ता इतका अंगवळणी पडला होता की, सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्याच सोमवारी दिवेलागणीच्या सुमारास, काहीतरी लिहावयाचे राहून गेले आहे अशा जाणिवेने मी घरात येरझारा घालू लागलो. नुकताच पनवेलच्या वडाळे तलावावरून फिरून आलो होतो, आणि तेथे कमळाच्या पानांवरून लांबलचक बोटांनी सावकाश चालत जाणारा एक पक्षी पाहिला होता. एका कोऱ्या वहीत तारीख घातली आणि त्याच्याविषयी एक ओळ लिहिली. या गोष्टीला आता चौदा वर्षे होतील.

रोज एक फेरी आणि रोज एक ओळ, एवढाच या सवयीचा विस्तार. ओळीत मनाची अवस्था लिहावयाची नाही, वर्तमानपत्रातील वार्ता लिहावयाची नाही. डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच जमेस धरावयाचे. पहिल्या वर्षी मला बहुतेकांची नावेसुद्धा ठाऊक नव्हती. कमळपक्षी, अडई, वंचक ही नावे मागाहून एकेक करून आली, आणि नाव कळले की तो पक्षी पूर्वीपेक्षा अधिक वेळा दिसू लागे, हे मी पुनःपुन्हा अनुभवले आहे.

या सवयीचे खरे फळ मात्र दुसऱ्या वर्षी हाती आले. आजची ओळ लिहिण्यापूर्वी गतवर्षीच्या त्याच तारखेचे पान सहज उघडले, आणि एक विसरलेली संध्याकाळ तिच्या वाऱ्यापावसासह पुढ्यात उभी राहिली. तेव्हापासून माझा कोणताही दिवस एकटा येत नाही, मागील सर्व वर्षांतील आपली भावंडे बरोबर घेऊन येतो. जून लागला की मृगाच्या सरींबरोबर मी शिरढोणच्या वाटेवरील एका शिंदीच्या झाडाची वाट पाहू लागे, कारण सुगरणींचे खोपे त्या झाडावर कधी दिसू लागतात हे वहीने मला शिकवले होते. शिरढोण म्हणजे वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव. बंडाच्या धामधुमीतही त्यांनी रोजनिशी लिहिली होती, हे आठवले की त्या वाटेवर माझी पावले थोडी मंदावतात.

त्या झाडासमोरच्या बांधावर बसून मी एका पावसाळ्यात नर सुगरणीचे काम तासन्‌तास पाहिले. गवताच्या पात्यावर बसून तो बुडाशी चोचीने खाच पाडी, खाचेवरची कड घट्ट धरी आणि झेप घेई, तो पात्याची हातभर चिरी सळकन सोलली जाऊन त्याच्यामागे लहरत जाई. खोपा निम्मा विणून झाला, म्हणजे शिरस्त्राणासारखा उलटा लोंबू लागला, की त्याला लटकून पंख फडफडवीत तो माद्यांना साद घाली. मादी आत शिरून वीण ओढून पाही. तिला ते घर पसंत पडले तरच तो पुढे प्रवेशाची लांब नळी विणावयास घेई. आणि ते पुरे होताच आपण दुसऱ्या खोप्याला हात घाली.

याच आपल्या जिल्ह्यात, तो कुलाबा म्हणून ओळखला जात असताना, हे सारे एका माणसाने फार बारकाईने टिपून ठेवले होते. १९३० साली जर्मनीतील अभ्यास संपवून परतलेल्या सालिम अलींची मुंबईच्या वस्तुसंग्रहालयातील जागा रद्द झाली होती. किहीमच्या समुद्रकाठी पत्नीसह मुक्कामास असताना त्यांनी घराजवळच्या सुगरणींचे निरीक्षण आरंभिले, आणि एकच नर क्रमाने अनेक खोपे विणून अनेक माद्यांशी संसार मांडतो, ही गोष्ट त्यांनी उजेडात आणली. बेकारीच्या त्या दिवसांत ज्या धीराने त्यांनी रोज तेच झाड पाहिले, तो धीर मला त्यांच्या पुढील सर्व कीर्तीहून अधिक थोर वाटतो.

पनवेल आता फार वाढले. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या या गावाची २०१६ साली महानगरपालिका झाली. ज्या भाताच्या खाचरांतून सुगरणी पाती नेत असत, त्यांतील कित्येकांवर इमारती उभ्या राहिल्या आणि गेल्या उन्हाळ्यात ते शिंदीचे झाडही तोडले गेले. त्या दिवसाची ओळ मी लिहिली आहे. तिची अक्षरे नेहमीपेक्षा मोठी पडली आहेत.

या वह्यांत अकरा ओळी माझ्या हातच्या नाहीत. सहा वर्षांपूर्वी भाद्रपदात मी इस्पितळात होतो. घरी परतल्यावर वही उघडली, तर एकही तारीख रिकामी नव्हती. दिवसभर माझ्या उशाशी बसून परतलेली पत्नी, ती पूर्वी कधीही फिरावयास येत नसे, रोज एकटी तलावाला फेरी घालून आली होती. तिला पक्ष्यांची नावे येत नव्हती. ‘तो निळा आज विजेच्या तारेवर होता. मासा मिळाला नाही.’ ‘पाऊस फार. पायरी बुडाली.’ ‘नुसते कावळे.’ माझ्या आजाराविषयी त्या अकरा ओळींत एक अक्षर नाही. हिशेबाच्या वहीवर सही करताना माझा हात कधी थरथरला नव्हता, तो ती पाने उलटताना थरथरला.

त्यानंतर आम्ही दोघे जातो. यंदा झाडावाचून सुगरणींचे काय होणार, या चिंतेने मी जूनभर त्या वाटेकडे वळलोच नाही. काल ती एकटीच त्या बाजूस जाऊन आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “अहो, पलीकडच्या वाडीतल्या नारळीवर बसलेत ते. सात मोजले मी, आठवा अर्धा आहे.” मी वही तिच्यापुढे सरकवली.