फोटो कोणाच्या मर्जीचा?

फोटो काढायला निघालो की आपण पेटीतले घडीचे कपडे बाहेर काढतो. दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडातले कष्टकरीही तेच करीत. त्याआधी आपले चित्र काढून घेणे ही बड्या लोकांची चैन होती. १८५४ साली पॅरिसच्या डिस्देरी या फोटोग्राफरने एकाच काचेवर आठ छोटे फोटो घेण्याची युक्ती काढली. फोटो व्हिजिटिंग कार्डाएवढा झाला आणि स्वस्तही झाला. १८६० मध्ये लंडनच्या मेयॉल यांनी राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचे असे फोटो विक्रीला आणले आणि त्यांची लाटच आली. राणी जेवढ्या कार्डावर, तेवढ्याच कार्डावर दुकानातला नोकर! मागे रंगवलेला पडदा, बाजूला खोटा खांब, टेबलावर पुस्तक. हा थाट मालकालाही तोच आणि नोकरालाही तोच.

हॅना कलविक (१८३३–१९०९) ही श्रॉपशायरची बाई आठव्या वर्षापासून लोकांच्या घरी राबली. तिचे भांडी घासण्याच्या कपड्यांतले फोटो आहेत, तसे उंची पोशाखातलेही आहेत. बाई तीच, हात तेच. कपडे बदलले आणि मोलकरणीची मॅडम झाली. मग कुलीनपणा रक्तात असतो म्हणणाऱ्यांनी काय उत्तर द्यावे?

पण यातले बरेच फोटो आर्थर मन्बी या साहेबाच्या हौसेने निघाले. हॅना रोजनिशी लिहीत होती, म्हणून तिचे स्वतःचे म्हणणे आज कळते. नाहीतर साहेबाच्या संग्रहातली एक मोलकरीण, एवढीच तिची ओळख उरली असती.

लंडनच्या डॉ. बर्नार्डो यांच्या अनाथाश्रमाने १८७० च्या दशकात मुलांचे जोडफोटो विकून पैसा उभा केला. एका फोटोत चिंध्यांतले पोर, दुसऱ्यात तेच पोर नीटनेटके होऊन कामाला लागलेले. १८७७ साली लवादापुढे चौकशी झाली. बर्नार्डो बहुतेक आरोपांतून सुटले, पण मुलांना मुद्दाम दीनवाणे करून फोटो काढण्यावर लवादाने ठपका ठेवला. आसरा खरा होता. पण आपली गरिबी किती दाखवायची, हे त्या मुलांच्या हाती नव्हते.

अमेरिकेत सोजर्नर ट्रुथ यांनी वेगळी वाट दाखवली. गुलामगिरीत जन्मलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या या बाईंनी १८६४ साली आपल्या फोटोचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर केला. खांद्यावर शाल, डोक्यावर पांढरी टोपी, हातात विणकाम. ना चिंध्या, ना उसना थाट. ते फोटो विकून त्यांनी आपला खर्च चालवला. ज्यांचे शरीर एके काळी दुसऱ्यांनी विकले, त्या आता आपली छाया स्वतः विकत होत्या.

बंधू-भगिनींनो, आम्हाला यातून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरात आजी-आजोबांचा एखादाच फोटो असेल, तर त्याच्या मागे पेन्सिलीने हलक्या हाताने नाव, गाव, साल आणि त्यांचे काम लिहून ठेवा. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांत ‘कुणीतरी मजूर’ होऊन बसतो. आणि वह्या वाटताना कुणी तुमच्या मुलाचा फोटो काढू लागला, तर तो कुठे लागणार, हे आधी विचारा. घेणाऱ्यालाही विचारायचा हक्क असतो.