वर्गाच्या ग्रुपवरची आधार कार्डे

जूनमध्ये एका शाळेच्या शिक्षक-खोलीत बसलो होतो. शेजारच्या बाईंचा मोबाईल एकसारखा वाजत होता. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी त्यांनी आधार कार्ड आणि पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सांगितला होता. तासाभरात ३१ घरांची कागदपत्रे तिथे येऊन पडली. मुलाचे नाव, जन्मतारीख, पत्ता, आईचे खाते, आधारचे बारा आकडे. ग्रुपवर ७० जण. त्यांत शाळा सोडून गेलेल्या मुलांचे पालक होते, बदली झालेले एक गुरुजीही होते. बाईंना दोष द्यायला हे लिहीत नाही. केंद्रावरून पाचच्या आत माहिती मागितली होती आणि शाळेतला एकुलता संगणक बंद होता. पण त्याच खोलीच्या भिंतीवर तक्ता लावलेला होता : ‘आपली माहिती कोणालाही देऊ नका.’

ग्रुपवर पडलेला फोटो बहुतेकांच्या फोनमध्ये आपोआप उतरतो. तो फोन दुरुस्तीला जातो, विकला जातो. आपण नंतर ग्रुपवरून पुसले तरी कुणी जतन केलेली प्रत राहतेच. मुलाचे नाव, इयत्ता आणि खाते ठाऊक असलेल्या माणसाने ‘शिष्यवृत्ती जमा झाली आहे, ओटीपी सांगा’ असा फोन केला, तर त्या आईने संशय घ्यावा तरी कशावरून? (असे काही घडलेच तर १९३० या क्रमांकावर त्याच क्षणी तक्रार करायची, हे प्रत्येक पालकसभेत सांगा.)

फोटोंचे तर त्याहून वाईट. आठवीतल्या मुलीला आपण बजावतो की अनोळखी माणसाला फोटो पाठवू नकोस. आणि तिचा गणवेशातला फोटो नाव, तुकडी, शाळेच्या पत्त्यासकट शाळेच्या फेसबुक पानावर आपणच लावतो. ‘गरजू विद्यार्थ्यांना वह्यावाटप’ हा फोटो आठवून पाहा. देणारे पाहुणे कॅमेऱ्याकडे बघत आहेत, मुलाची मान खाली आहे, वह्यांचे एक टोक त्याच्या हातात आणि दुसरे पाहुण्यांच्या. हाच मुलगा उद्या बावीस वर्षांचा होऊन नोकरीच्या मुलाखतीला जाईल, तेव्हाही त्याच्या नावापुढे ‘गरजू’ हा शब्द शोधणाऱ्याला सापडेल. तो लिहिण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? मला हे छायाचित्र या मासिकातही नको आहे. यापुढे अशी छायाचित्रे आम्ही छापणार नाही.

कायदाही आता स्पष्ट आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक धरले असून त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे, पण मुलाची काळजी घ्यायला आपण तारखेची वाट का पाहावी? प्रवेश अर्जावरच्या एका सहीत सगळे आले, असे मानू नका. फोटोसाठी वेगळे विचारा, आणि एखादी आई ‘नको’ म्हणाली तर कारण विचारू नका.

कागदपत्रे शाळेत समक्ष पाहा आणि माहिती थेट पोर्टलवर भरा. पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार घ्या; ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून मिळते. केंद्राच्या ग्रुपवर मुलांच्या याद्या मागवणे बंद व्हावे, यासाठी मुख्याध्यापक संघांनी शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी निवेदन द्यायला हवे. एकट्या शिक्षकाला वरिष्ठांना नाही म्हणणे जड जाते, हे आम्ही जाणतो.

तोवर एक काम आपल्या हातातले आहे. आज घरी गेल्यावर वर्गाचा ग्रुप उघडा. जूनपासूनची कागदपत्रे आपल्या फोनमधून पुसा, पालकांनाही पुसायला सांगा, आणि ज्यांचे मूल आता आपल्या वर्गात नाही त्यांना ग्रुपमधून कमी करा.