चित्राखालचे नाव आणि श्रमाची नोंद

कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणाऱ्या थळ घाटात लोहमार्गाची चढण सदतिसास एक अशी आहे. १८६५ साली हा मार्ग खुला झाला. त्याच्या इतिहासात मुख्य अभियंता बर्कले यांचे नाव आदराने घेतले जाते. ज्या हजारो मजुरांनी बोगदे फोडले त्यांची नावे त्यात नाहीत. राबणारा निनावी आणि देखरेख करणारा नामवंत, ही साम्राज्यशाहीच्या हिशेबवहीची रीतच होती. चित्रकलेच्या दालनातही हीच रीत चालली, हे मात्र फारसे ध्यानात घेतले जात नाही.

घाट खुला झाल्यावर सातच वर्षांनी, म्हणजे १८७२ पासून, मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेचे अध्यापक जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करू लागले. मुंबईहून खानदेशात जाणारा लोहमार्ग याच घाटातून जात होता. तत्पूर्वी मेजर रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या होत्या. म्हणून हे काम पुन्हा आरंभावे लागले. १८८५ पर्यंत सुमारे ३०० चित्रे तयार झाली. ती लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात, म्हणजे आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात पाठविण्यात आली. १८८५ च्या आगीत त्यांतीलही काही जळाली. उरलेली दीर्घकाळ कोठारात पडून राहिली.

जगाने या चित्रांना ‘ग्रिफिथ्सच्या प्रती’ म्हटले. १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन खंडांवरही नाव ग्रिफिथ्स यांचेच आहे. त्यांची योजकता आणि चिकाटी नाकारण्याचे कारण नाही. परंतु लेण्यांच्या अंधारात कुंचला धरणारे हात पेस्तनजी बमनजी आणि त्यांचे सहाध्यायी यांचेही होते. पेस्तनजी पुढे व्यक्तिचित्रकार म्हणून नावाजले, म्हणून त्यांचे नाव तरी टिकले. बाकीच्यांची ओळख एकेका चित्राची नोंद तपासूनच पटवावी लागते. मूळ चित्रकारांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. ज्यांनी अजिंठा रंगविला त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथने मात्र दहाव्या लेण्यात आपले नाव कोरून ठेवले.

एखाद्या जुन्या चित्राचा खरा कर्ता कोण, हे ठरविण्याचे शास्त्र युरोपात बरेच पुढे गेले आहे. बर्लिनच्या सार्वजनिक संग्रहातील ‘सोनेरी शिरस्त्राण घातलेला पुरुष’ हे विख्यात चित्र रेम्ब्रांटचे नसून त्याच्या परिवारातील कुणाचे तरी आहे, असा निर्णय १९८० च्या दशकात झाला. चित्र तेच राहिले, बदलले ते नाव. आणि नाव बदलले की बाजारभाव कसा बदलतो, याचे ढळढळीत उदाहरण ‘साल्वातोर मुंदी’ हे आहे. २००५ मध्ये न्यू ऑर्लीन्सच्या लिलावात हे चित्र १,१७५ डॉलरना गेले. स्वच्छता आणि दुरुस्ती झाल्यावर २०११ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीने ते लिओनार्दोचे म्हणून मांडले. २०१७ साली ते ४५ कोटी डॉलरना विकले गेले. तज्ज्ञांत मतभेद आजही आहेत. सार्वजनिक संस्थेने मोहर उठवावी आणि नफा खाजगी तिजोरीत पडावा, असा हा व्यवहार झाला.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. बाजार संशोधनावर पैसा लावतो तो नावाच्या किमतीसाठी. सार्वजनिक संग्रहातील चित्र विकायचे नसते. त्याचा कर्ता सापडला तरी कुणाची तिजोरी भरत नाही. म्हणूनच तेथील ‘अज्ञात’ हा शेरा वर्षानुवर्षे तसाच राहतो. जे काम बाजार करणार नाही ते समाजाने केले पाहिजे, हा समाजवादाचा साधा सिद्धांत येथेही लागू पडतो.

कुणी विचारील की, भातसा आणि तानसा धरणांच्या शहापूर तालुक्यातच पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे चित्रांखालच्या नावांचे काय घेऊन बसलात? प्रश्न रास्त आहे. परंतु दोन्ही अन्यायांचे मूळ एकच आहे. ज्याने दिले त्याची नोंद नाही, आणि ज्याची नोंद नाही त्याचा हक्कही नाही. लग्नात वारली स्त्रिया तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात. त्यांची कला जगभर पोहोचली, २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण कापडावर आणि भेटवस्तूंवर ती छापली जाते तेव्हा चौक लिहिणारणीचे नाव कुठे असते?

मागणी अवास्तव नाही. राज्यातील प्रत्येक सरकारी व अनुदानित संग्रहालयाने आपल्या चित्रांची यादी मराठीतून प्रसिद्ध करावी. चित्राच्या पाठीवरील सह्या, जुन्या हजेरीपटांतील आणि वेतनपत्रकांतील नावे तपासावीत. आणि यापुढे पाड्यावरून घेतलेल्या प्रत्येक चित्राखाली बाईचे व गावाचे नाव लिहावे. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून हाती आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या जिल्ह्यातील संग्रहालयापासून आरंभ करावा. श्रमाचे मोल मागणाऱ्या चळवळीने श्रमिकाचे नावही मागितले पाहिजे.