बाय की टिल?

परवा क्लायंटला मेल टाकला: जुना सर्व्हर 'बाय मंडे' अव्हेलेबल असेल. मला म्हणायचं होतं, सोमवारपर्यंत चालू राहील, तोवर डेटा काढून घ्या. त्यांनी वाचलं, सोमवारपर्यंत चालू होईल. ते बिचारे वाट बघत बसले आणि सोमवारी आम्ही सर्व्हर बंद केला! मग रात्रभर बॅकअपमधून डेटा काढत बसलो.

इंग्रजी कच्चं, असं सगळे म्हणाले. मला नाही पटत. मराठीत एकच 'पर्यंत' दोन्हीकडे चालतो, कारण फरक क्रियापद सांगतं. इंग्रजीत ते ओझं त्या एवढ्याशा शब्दावर येतं.

म्हणून सेंड दाबण्याआधी वाक्य मराठीत म्हणून बघा. 'राहील' आलं तर टिल, 'होईल' आलं तर बाय.