औषधांच्या भावातले संगनमत: नुसता दंड पुरे नाही, तुरुंग हवा

बसमध्ये तुमचे पाकीट मारणारा पकडला गेला तर त्याला कोठडीत जावे लागते. पण चार कंपन्यांच्या अधिकाऱ्यांनी गुपचूप भेटून तुमच्या गोळीचा भाव ठरवला आणि लाखो रुग्णांच्या खिशातून दरमहा थोडे थोडे पैसे जास्त काढले, तर आपल्या देशात त्या कृत्यासाठी त्यांना तुरुंगवासाची शिक्षा नाही. दंड होतो, आणि तोही अनेकदा अपिलात वर्षानुवर्षे अडकतो. हा कायदा बदलला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कार्टेल म्हणजे काय?

एरवी एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी चोरून केलेला करार म्हणजे कार्टेल. भाव किती ठेवायचा, कुठल्या भागात कोणी विकायचे, सरकारी निविदा या वेळी कोणाला मिळू द्यायची, हे आधीच ठरलेले असते. लक्षात घ्या, औषध महाग आहे म्हणजे कार्टेल आहे, असे नव्हे. पेटंट, महागलेला कच्चा माल, कमी उत्पादन अशी इतर कारणेही असू शकतात. गुन्हा आहे तो संगनमताचा.

रुग्णाचे यात काय जाते?

टीव्ही महागला तर आपण खरेदी पुढे ढकलतो. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची गोळी पुढे ढकलता येत नाही. औषध डॉक्टर निवडतो, पैसे रुग्ण भरतो. परवडेनासे झाले की लोक गोळी एक दिवसाआड घेतात, अर्धी तोडून घेतात, किंवा ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करतात. त्याची किंमत पुढे पक्षाघाताच्या किंवा डायलिसिसच्या रूपाने मोजावी लागते.

हे प्रत्यक्षात घडले आहे

1990 च्या दशकात रोश, बीएएसएफ आणि इतर कंपन्यांनी ए, ई, सी यांसारख्या जीवनसत्त्वांचे भाव आणि विक्रीचे वाटे जगभर आपसात ठरवून घेतले होते. ही जीवनसत्त्वे गोळ्यांत, खाद्यपदार्थांत आणि जनावरांच्या खाद्यातही जातात. 1999 मध्ये अमेरिकेत रोशला 50 कोटी डॉलर आणि बीएएसएफला 22.5 कोटी डॉलर दंड झाला. 2001 मध्ये युरोपीय आयोगानेही या कंपन्यांना मोठा दंड ठोठावला.

यातला सर्वांत बोलका भाग वेगळाच आहे. 1997 मध्येच रोशने सायट्रिक ॲसिडच्या अशाच कार्टेलबद्दल गुन्हा कबूल करून 1.4 कोटी डॉलर दंड भरला होता. तरीही जीवनसत्त्वांचे कार्टेल चालूच राहिले. दंड भरला आणि धंदा पुढे सुरू! 1999 मध्ये मात्र रोशच्या एका वरिष्ठ स्विस अधिकाऱ्याला अमेरिकेत गुन्हा कबूल करून 4 महिन्यांचा तुरुंगवास स्वीकारावा लागला. कंपनीचा दंड शेवटी भागधारक किंवा ग्राहक भरतो. तुरुंगातले दिवस मात्र दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकता येत नाहीत.

दक्षिण आफ्रिकेत सरकारी रुग्णालयांना लागणाऱ्या सलाइनच्या निविदांमध्ये संगनमत केल्याचे प्रकरण 2008 मध्ये उघड झाले. अमेरिकेत 2023 मध्ये कोलेस्टेरॉलच्या प्रावास्टॅटिन या औषधाच्या भावावरून टेवा कंपनीच्या आणि मुंबईच्या ग्लेनमार्कच्या तिथल्या उपकंपन्यांनी सरकारशी समझोता केला. टेवाने 22.5 कोटी आणि ग्लेनमार्कने 3 कोटी डॉलर भरायचे मान्य केले. तेव्हा ‘हे आपल्याकडचे लोक करत नाहीत’ या भ्रमात राहू नका.

इतर देश काय करतात?

कॅनडाने 1889 मध्ये आणि अमेरिकेने 1890 मध्ये अशा संगनमताला गुन्हा ठरवले. आज अमेरिकेत 10 वर्षांपर्यंत, तर कॅनडात 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ऑस्ट्रेलियाने 2009 पासून आणि दक्षिण आफ्रिकेने 2016 पासून 10 वर्षांपर्यंत कैदेची तरतूद लागू केली. ब्रिटनमध्ये ही मर्यादा 5 वर्षे आहे. जर्मनीत मुख्यतः निविदांमधल्या संगनमतालाच कैद आहे.

भारतात स्पर्धा कायदा, 2002 नुसार कार्टेलमधल्या कंपनीला नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. जबाबदार अधिकाऱ्यांनाही दंड होतो. कैद आहे, पण ती आयोगाचा आदेश मोडल्याबद्दल! म्हणजे रुग्णाला लुटले तर दंड, आणि आयोगाचे ऐकले नाही तर तुरुंग. हा कुठला न्याय?

आक्षेप आणि उत्तरे

‘तुरुंगाची तरतूद केली की प्रामाणिक व्यापाऱ्यालाही धाक दाखवून पैसे उकळले जातील.’ ही भीती खोटी नाही. म्हणूनच हा गुन्हा फक्त चोरून केलेल्या भावनिश्चितीपुरता, बाजार वाटून घेण्यापुरता आणि निविदांतल्या संगनमतापुरता असावा. खटला स्पर्धा आयोगाच्या तपासानंतरच भरला जावा. पोलिसांनी दुकानात येऊन धमकावण्याची सोय नको.

‘फौजदारी खटल्यात पुरावा कडक लागतो, आरोपी सुटतात.’ बरोबर. ब्रिटनमध्ये शिक्षा फार थोड्या झाल्या आहेत. पण खटले अवघड आहेत म्हणून आपण खून किंवा लाच यांना दंडावर सोडत नाही. शिवाय तुरुंगाची भीती असली की टोळीतलाच कोणी आधी येऊन कबुली देतो. माफीची सवलत त्यालाच मिळते. दंडातल्या सवलतीची तरतूद आपल्या कायद्यातही आहे, पण मागे धाकच नसेल तर कबुली द्यायला कोण येणार?

‘किमतींवर सरकारचे नियंत्रण आहेच की.’ ते सगळ्या औषधांवर सारखे नाही. यादीबाहेरच्या औषधाची किंमत कंपनी स्वतः ठरवते आणि वर्षाला 10 टक्क्यांपर्यंत वाढवू शकते. तिथे रुग्णाला वाचवते ती फक्त खरी स्पर्धा.

तुम्ही काय करू शकता?

औषधाचे पक्के बिल घ्या. त्याच घटकाचे स्वस्त औषध चालेल का, हे डॉक्टरांना न संकोचता विचारा. परवडत नाही म्हणून गोळी मनाने बंद करू नका. तसे स्पष्ट सांगा. ‘संघटनेने सवलत द्यायला मनाई केली आहे’ असे दुकानदार म्हणाला, तर ते लेखी मागा. स्पर्धा आयोगाकडे कोणीही नागरिक तक्रार करू शकतो. आणि तुमचे खासदार मत मागायला आले की त्यांना एवढेच विचारा: पाकीटमाराला तुरुंग आहे, मग आमच्या औषधाचा भाव संगनमताने चढवणाऱ्याला का नाही?